दशांश अपूर्णांक: सराव भरपूर, तरी त्याच त्याच चुका. गणितं निवडायची कशी?

फळा_खडू

सहावी आणि सातवीच्या वर्गांसाठी विचारतोय. दशांश अपूर्णांकांचा धडा शिकवून झालाय, पुस्तकातले सरावसंच सोडवून झालेत. रोज फळ्यावर दहा गणितं देतो. त्या दिवशी बरोबर येतात, पण आठवड्याने चाचणी घेतली की वह्यांमध्ये पुन्हा हेच:

३.७५ हे ३.८ पेक्षा मोठे
१२.५ + ३.७५ + ८ = १६.३३
७ − २.३६ = ५.३६
०.३ × ०.२ = ०.६
४.०८ ÷ ४ = १.२
१ किलो ५० ग्रॅम = १.५० किलो

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यातली कुठली चूक समजेची आणि कुठली निव्वळ मांडणीची, हे कसं ओळखायचं? रोजच्या दहा मिनिटांत काय घ्यावं? आणि गुणाकाराला "स्थळं मोजा आणि चिन्ह द्या" हा नियम सरळ सांगून टाकावा की नाही?

---

पाढेवाली

सर, गणितांची संख्या वाढवू नका, आकडे बदला. २.४ + ३.५ हे गणित चिन्हाकडे ढुंकूनही न बघता सुटतं: २४ आणि ३५ ची बेरीज ५९, मध्ये टिंब. अशी शंभर गणितं बरोबर आली तरी मुलाला दशांश कळले की नाही, याचा पत्ता लागत नाही. चुकीची समज असली की उत्तर हमखास चुकेल, असेच आकडे द्यायला हवेत.

सुरुवात लहान-मोठेपणापासून करा, कारण बाकीच्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे. या पाच जोड्या द्या आणि मोठ्या संख्येला गोल करायला सांगा. दोन्ही सारख्या वाटल्या तर मध्ये बरोबरचं चिन्ह. कारण विचारू नका, वेळ तीन मिनिटं.

अ) ४.८ आणि ४.६३
आ) ५.७३६ आणि ५.६२
इ) २.०३ आणि २.१
ई) ६.४५ आणि ६.४५०२
उ) ०.५ आणि ०.५०

बरोबर किती आली हे मोजू नका, कुठली चुकली ते बघा. 'अ' चुकलं पण 'आ' बरोबर आलं, तर ते मूल टिंबानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतंय: ६३ मोठे, ८ लहान. ७३६ हे ६२ पेक्षा मोठे असल्यामुळे 'आ' आपोआप बरोबर येतं. तुमच्या ३.७५ आणि ३.८ वाली मुलं बहुतेक या गटातली. याच्या नेमकं उलट, म्हणजे 'अ' बरोबर आणि 'आ' चूक, असं दिसलं तर त्या मुलाला शतांश दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान, एवढं कळलंय. त्यामुळे जितकी स्थळं जास्त तितकी संख्या लहान, असा त्याने अर्थ काढलाय. ही मुलं वर्गात सहसा सापडत नाहीत, कारण पुस्तकी जोड्यांमध्ये त्यांचीही निम्मी उत्तरं बरोबर येतात. 'ई' मध्ये बरोबरचं चिन्ह घातलं, तर मूल रुपये-पैशांच्या चष्म्यातून बघतंय: दोन आकड्यांच्या पुढचं त्याच्या लेखी काहीच नाही. 'इ' मधला शून्य आणि 'उ' मधला शून्य यांत फरक काय, हे न कळणारी मुलं शेवटच्या गटात.

ही चाचणी "मागे शून्य लावून स्थळं सारखी करा" हा नियम सांगायच्या आधी घ्या. नियम सांगितला की ४.८० आणि ४.६३ म्हणजे मनातल्या मनात ४८० आणि ४६३ होतात. उत्तर बरोबर येतं आणि चुकीची समज झाकली जाते. नियम आधीच सांगून झाला असेल तर वेगळा प्रश्न टाका: ४.६३ आणि ४.६४ यांच्या मधली एखादी संख्या लिहा. "मधे काहीच नाही" असं उत्तर आलं की काय ते समजा.

उपायाला साहित्य लागत नाही. कंपासपेटीतली पट्टी पुरते. वहीत बरोबर १० सेंमीची रेघ मारायची, डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १. आता प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ०.१ आणि प्रत्येक मिलिमीटर म्हणजे ०.०१. यावर ०.४, ०.३५, ०.०७, ०.७ आणि ०.५० दाखवायला सांगा. ०.०७ ला शून्यापासून जेमतेम ७ मिमी जायचं आणि ०.७ ला ७ सेंमी. ०.३५ चा ठिपका ०.४ च्या डावीकडे पडला की पुढचा वाद मुलं आपापसातच मिटवतात. रेघ मात्र प्रत्येकाने स्वतः मारायला हवी. फळ्यावरची बघून काम होत नाही.

वाचनाचंही एक सांगते. सराव चालू असेपर्यंत "तीन पॉइंट पंचाहत्तर" म्हणू देऊ नका. "तीन दशांश चिन्ह सात पाच" किंवा "तीन पूर्णांक पंचाहत्तर शतांश" म्हणा. नुसतं पंचाहत्तर म्हटलं की आठापेक्षा मोठं वाटणारच.

---

हातचा_एक

बेरीज-वजाबाकीबद्दल लिहितो.

१६.३३ कसं आलं ते बघा. १२.५ आणि ३.७५ ची मांडणी बरोबर आहे, कारण दोन्हीकडे टिंब दिसतंय. ८ ला टिंब नाही, म्हणून तो जुन्या सवयीने उजव्या कडेला, शतांशाच्या घरात जाऊन बसला. म्हणजे मुलाने १२.५० + ३.७५ + ०.०८ केलं. ही निव्वळ मांडणीची चूक. चौकटीची वही घ्या, टिंबाला स्वतंत्र उभी चौकट द्या आणि पूर्ण संख्या दिसली की आधी ८.०० लिहायची सवय लावा. पंधरा दिवसांत जाते.

७ − २.३६ = ५.३६ ची गोष्ट निराळी आहे. बेरजेत एका घरात एकच अंक असेल तर तो तसाच खाली उतरवतात आणि तिथे ते बरोबरही असतं. मूल तीच सवय वजाबाकीत वापरतं: वर काही नाही, मग ३६ खाली उतरव. म्हणून बेरीज आणि वजाबाकी एकाच दिवशी, एकाच जोडीवर घ्या. ७ + २.३६ आणि ७ − २.३६ शेजारी शेजारी मांडायला लावा. वजाबाकीत ७.०० मधला एक एकक सुटा करायचा: ६ एकक, ९ दशांश, १० शतांश. मग १० − ६ = ४, ९ − ३ = ६, ६ − २ = ४, उत्तर ४.६४. लगेच पडताळा: ४.६४ + २.३६ = ७. पडताळा ऐच्छिक ठेवू नका, गणिताचाच भाग करा.

या गणितांवर सवयी उघड्या पडतात:

०.९ + ०.१३ (१.०३ हवे, ०.२२ येतं)
१० − ०.०१
३.०५ − २.५
६.४ − ०.७५
५०० − २३६.४०

व्यवहारातलं गणित हवं असेल तर गॅस सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवर रंगवलेलं असतं. समजा ते १५.३ किलो आहे. भरलेल्या टाकीचं वजन किती? २९.५. काट्यावर आज २१.८५ भरलं, तर गॅस किती शिल्लक? २१.८५ − १५.३ = ६.५५ किलो. स्थळं मुद्दाम सारखी नाहीत.

---

मापात_पाप

किलो-ग्रॅमच्या चुकीला दशांशाचा धडा पुन्हा शिकवून उपयोग नाही. तिथे अडचण एककाची आहे. १००० ग्रॅमचा किलो, म्हणजे ग्रॅमला कायम तीन घरं. ५ ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, तीनही घरं भरायचीच: १.००५, १.०५०, १.५००. मिलिलिटर आणि लिटर, मीटर आणि किलोमीटर, दोन्हींना तीन घरं. पैसे आणि रुपये, सेंटिमीटर आणि मीटर यांना दोन. मुलांना पैशाची दोन घरं पाठ असतात, तीच ती ग्रॅमला लावतात. १ किलो ५० ग्रॅम, १ किलो ५०० ग्रॅम आणि १ किलो ५ ग्रॅम हे तिन्ही एकाच वेळी दिले की फरक दिसतो. एकेकटं दिलं तर चूक तशीच राहते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दशांशासारखे दिसणारे पण दशांश नसलेले आकडे. मुलं रोज बघतात ते असले आकडे, आणि पुस्तकात त्यांचा उल्लेखच नसतो.

क्रिकेटमधली ४.३ षटकं म्हणजे ४ षटकं ३ चेंडू, साडेचारच्या बरोबर. ४.३ आणि २.४ षटकांची बेरीज ६.७ नव्हे, ७.१ येते: २७ चेंडू अधिक १६ चेंडू, ४३ चेंडू. ४.७ षटकं असं कधी का दिसत नाही, हा प्रश्न वर्गात टाकून बघा.

गावाकडे जमिनीचा आकडा कुणी "२.२० एकर" असा टिपला असेल, तर तो बहुधा दोन एकर वीस गुंठे असतो. एकराला ४० गुंठे, म्हणजे हे अडीच एकर झालं, दशांशात २.५. याउलट सातबाऱ्यावर १.२०.५० असं क्षेत्र असतं, म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर. हेक्टरचे १०० आर आणि आरचे १०० चौरस मीटर असल्यामुळे यातलं दुसरं टिंब काढून सरळ १.२०५० हेक्टर लिहिता येतं. जमीन मोजायचे दोन हिशेब; हेक्टर-आरचा दशांशात जसाच्या तसा बसतो, एकर-गुंठ्यांचा बसत नाही. सातवीला यावर अख्खी तासिका घातली तरी वाया जाणार नाही.

दूध डेअरीची स्लिप तर सगळ्यात सोपी. समजा दूध ६.३ लिटर, फॅट ४.१, दर ३४.६० रुपये. आधी अंदाज: ६ गुणिले ३५, म्हणजे २१० च्या आसपास. मग गुणाकार: २१७.९८. फॅट ४.१ चा ३.९ झाला, तर किती 'पॉइंट' उतरला? दोन, कारण एक पॉइंट म्हणजे ०.१. ज्या मुलाच्या घरी गाय आहे त्याला हे तोंडपाठ असतं, फक्त तो त्याला गणित समजत नाही.

---

उजळणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नियम सांगा, पण सगळ्यात शेवटी.

०.३ × ०.२ साठी १० × १० चौकटींचा चौरस काढा. पूर्ण चौरस म्हणजे १. तीन उभ्या पट्ट्या रंगवल्या, ०.३ झाले. दोन आडव्या पट्ट्यांवर रेघोट्या मारल्या, ०.२ झाले. दोन्ही खुणा असलेल्या चौकटी सहा, शंभरातल्या सहा, म्हणून ०.०६. ०.६ दाखवायला साठ चौकटी लागल्या असत्या. मग हेच व्यवहारी अपूर्णांकात लिहा: ३/१० × २/१० = ६/१००. छेदांमधली शून्यं मोजायची तीच दशांश स्थळं. इथवर आलं की नियम मुलं स्वतःच सांगतात.

नियम आल्यावर त्याचा एक खड्डा आहे, तो आधीच दाखवा. २.५ × ०.४ मध्ये २५ × ४ = १००. आता दोन स्थळं, १.००, म्हणजे १. पुष्कळ मुलं आधी शून्यं उडवतात, उरलेल्या १ ला दोन स्थळं देतात आणि ०.०१ लिहितात. क्रम पक्का हवा: आधी चिन्ह द्यायचं, मग मागची शून्यं काढायची. ०.२५ × ०.८ हेही याच जातीचं: २००, तीन स्थळं, ०.२००, म्हणजे ०.२.

गुणाकाराचा सगळ्यात चांगला सराव गुणाकार न करता होतो. फळ्यावर ३४ × २७ = ९१८ लिहून द्या आणि फक्त चिन्ह द्यायला सांगा: ३.४ × २.७, ०.३४ × २७, ३४ × ०.०२७, ०.३४ × ०.२७. पहिल्याला "तीन गुणिले तीन, नऊच्या जवळ" म्हणून ९.१८. दुसऱ्याला "सत्तावीसचा साधारण तिसरा हिस्सा", पुन्हा ९.१८. तिसऱ्याला ०.९१८, चौथ्याला ०.०९१८. पाढ्यांत कच्ची असणारी मुलंही इथे मागे पडत नाहीत.

भागाकार. ४.०८ ÷ ४ = १.२ लिहिणाऱ्या मुलाला आधी ४०८ ÷ ४ द्या. १२ आलं तर दोष दशांशाचा नाहीच, भागाकारात शून्य लिहायचं राहतंय. ४ एककांत १, ० दशांशांत ०, तो लिहायचाच, ८ शतांशांत २: १.०२. दशांशाच्या नावाखाली खपणाऱ्या बऱ्याच चुका अशा चौथीतल्या निघतात. मग दशांश कितीही घासले तरी काय होणार?

भाजक दशांश असेल तेव्हा ७.२ ÷ ०.०९ सारखं गणित द्या. दोघांना १०० ने गुणलं की ७२० ÷ ९ = ८०. इथे मुलं दोन्हींची टिंबं नुसती पुसतात, ७२ ÷ ९ = ८ करतात. म्हणजे भाज्याला १० ने गुणलं आणि भाजकाला १०० ने. पैशात विचारा: ७ रुपये २० पैशांत ९ पैशांचे वाटे किती? ७२० भागिले ९. भागाकाराचं उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं आलं की मुलं घाबरून ते बदलतात. भाजक १ पेक्षा लहान असेल तर उत्तर वाढणारच, हे उघडपणे सांगितलेलं बरं.

एक कोपरा सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो: बाकी. ५.३ मीटर कापडातून ०.७ मीटरचे तुकडे. ५३ ÷ ७, भागाकार ७, बाकी ४. उरलं किती, ४ मीटर? नाही, ०.४ मीटर. भाज्य-भाजक दहापट केले की भागाकार तोच राहतो, बाकी मात्र दहापट होते. ७ × ०.७ = ४.९, आणि ५.३ − ४.९ = ०.४. सातवीच्या हुशार मुलांना अडवायला हे एकच गणित पुरतं.

---

शिष्यवृत्ती_बॅच

चौरस-पट्ट्या ठीक आहेत, पण परीक्षेत वेळ कुठे असतो? शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. मी तरी आधी नियम द्या म्हणेन, चित्रं नंतर ज्याला हवी त्याला.

---

उजळणी

७२ सेकंदांचा हिशेब मान्य. पण पर्यायी प्रश्नात नियमापेक्षा अंदाज लवकर सुटतो. ४.९ × ०.५२, पर्याय २५.४८, २.५४८, ०.२५४८, २५४.८. पाचाचं निम्मं अडीच, झालं, पेन उचलायचीही गरज नाही. नुसता नियम पाठ असलेला मुलगा ४९ × ५२ करत बसतो. शिवाय असे पर्याय चिन्हाची चूक पकडण्यासाठीच बेतलेले असतात. स्थळं मोजण्यात एकाची गफलत झाली तरी तेही उत्तर पर्यायांत असतंच, त्यामुळे शंका येत नाही.

चित्र प्रत्येक गणिताला काढायचं नाही. गुणाकार सुरू करताना दोन दिवस, बस.

---

फळा_खडू

सगळ्यांचे आभार. पाच जोड्यांची चाचणी उद्याच घेतो. दहा मिनिटांचं मात्र राहिलं. एका दिवसात नेमकं काय काय बसवायचं? आणि चूक आठवड्याने परत येते, त्याचं काय?

---

पाढेवाली

दहाच्या जागी पाच गणितं घ्या, पण पाचही वेगळ्या जातीची. नमुना देते:

१) रेघेवर दाखवा: ०.०६ आणि ०.६
२) २.९ आणि ३ यांच्या मधल्या दोन संख्या लिहा
३) ८ − ०.४५
४) फक्त अंदाज, गणित करायचं नाही: १९.८ × ०.५१
५) चूक शोधा: "०.९ + ०.१३ = ०.२२"

पाचव्याला उत्तर दुरुस्त करून भागत नाही. सोडवणाऱ्याने काय विचार केला असेल, ते एका वाक्यात लिहायला सांगा. या प्रश्नासाठी वर्गातल्याच चुका वापरा, पण नाव न घेता आणि आकडे बदलून.

चूक परत येते, कारण सलग दहा वजाबाक्या केल्या की तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो, डोकं थांबतं. त्या दिवशीची बरोबर उत्तरं म्हणूनच फसवी. आज ७ − २.३६ घेतलं तर त्याच जातीचं गणित, आकडे बदलून, दोन दिवसांनी एक, आठवड्याने एक आणि तीन आठवड्यांनी एक टाका. वहीच्या मागच्या पानावर तारखा आणि गणिताची जात लिहून ठेवली की पुढे शोधाशोध होत नाही. मुलं कुरकुरतात, सुरुवातीला गुणही घसरतात, तिकडे लक्ष देऊ नका.

---

हातचा_एक

एक भर. पाचातलं एक गणित अधूनमधून पूर्ण संख्यांचं ठेवा, ४०८ ÷ ४ किंवा ७००० − २३६० सारखं. ते चुकणाऱ्यांची यादी वेगळी करा. त्यांना दशांशाचा जादा तास देऊ नका, त्यांचं शून्य आणि उसना घेणं आधी पक्कं करून घ्या.